‘हायब्रीड आहे ताई, रंग असाच असतो’

डिसेंबरातल्या एका रविवारी नौपाड्यात टेम्पोतून झाडं विकणारा भेटला. वाटीएवढ्या कुंडीत कमळासारखं निळंजांभळं सक्युलंट, म्हणजे जाड, रसाळ पानांचं झाड, वर पांढरेशुभ्र खडे. किंमत साडेचारशे. एवढुशा झाडाला? तर म्हणाला, "ताई, हायब्रीड आहे. ग्राप्टोव्हेरिया. रंग असाच असतो." घासाघीस करून चारशेला घेतलं, वर दीडशेचं ‘हायब्रीड बियांचं’ पाकीटही त्याने गळ्यात मारलं. मी भुलले, कारण नाव खरं होतं. ग्राप्टोपेटलम आणि एचेव्हेरिया या दोन सक्युलंटच्या संकराला ग्राप्टोव्हेरिया म्हणतात, एवढं मला ठाऊक होतं. अर्धवट माहिती नडते ती अशी.

महिन्याभराने मधोमध नवी पानं फुटली. पोपटी! आधी वाटलं, आमच्या बाल्कनीत ऊन कमी पडतंय. तसं होतंही. ऊन आणि थंडी मिळाली की या झाडांवर गुलाबी-जांभळी झाक चढते, सावलीत उतरते. पण मग सगळंच झाड फिकं व्हायला हवं ना? इथे बाहेरची पानं झगझगीत निळी, आतली पोपटी, मधे आखल्यासारखी हद्द. एक पान अलगद वाकवलं, तर वरच्या पानाआड झाकलेला त्याचा बुडखा चक्क हिरवा. इअरबड नेलपॉलिश रिमूव्हरमध्ये बुडवून फिरवला. कापूस निळा. स्प्रे पेंट मारलेला होता.

(बोटाला पांढरी पूड लागली तर मात्र घाबरू नका. तो पानाचा स्वतःचा मेणाचा थर असतो. पुसूही नका, पुसला गेला की त्या पानावर सहसा परत येत नाही.)

पेंटमुळे पानाला उजेड मिळत नाही आणि रंध्रं, म्हणजे पानाची श्वास घ्यायची बारीक छिद्रं, बुजतात. ही झाडं रंध्रं उघडतात तीही रात्री, दिवसा पाणी उडू नये म्हणून. एवढी काटकसर करणाऱ्या जिवाच्या तोंडावर रंग फासायचा! खडे काढायला गेले तर अख्खा थर वडीसारखा हातात आला, गोंदाने चिकटवलेला. खाली नुसतं ओलंगच्च कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा. कुंडीला भोक नाही.

विक्रेता पुन्हा दिसला तेव्हा म्हणाला, "पाणी जास्त घातलं असेल." पैसे अर्थातच गेले.

रंग खरवडला नाही, पानं फाटली असती. भोकाच्या मातीच्या कुंडीत विटेचे बारीक तुकडे आणि जाड रेती निम्म्याहून जास्त घातली, बाकी माती. पाणी तळापर्यंत सुकल्यावरच. पावसाळ्यात झड लागणार नाही अशा जागी आत. निळी पानं एकेक करून वाळून गळली. आज ते राखाडी-हिरवं, नेटकं झाड आहे, कडांना किंचित गुलाबी. तसंच नर्सरीत नंतर ऐंशी रुपयांना पाहिलं.

राहता राहिलं पाकीट. संकरित झाडाच्या बियांपासून आईसारखंच रोप येईल असं नसतं, म्हणून ती पानांपासून किंवा बाजूच्या पिल्लांपासून वाढवतात. शिवाय या जातीच्या सक्युलंटचं बी धुळीसारखं बारीक. पाकिटातलं काळं, चकचकीत. तरी पेरलं. आठवड्यात तरारून उगवलं. सासूबाईंनी लांबूनच ओळखलं, "अगं, हा तर माठ!"

लसूण-मिरचीची फोडणी देऊन भाजी केली. चांगली झाली होती.