'कुर्ला' किती रुंद? ॲपमधला मजकूर मोजताना कोणता मार्ग घ्यावा

लोकलच्या वेळापत्रकाचं ॲप करत असाल, तर मार्गाच्या रेषेशेजारी स्टेशनांची नावं काढावी लागणारच. मग प्रश्न येतो: हे नाव एवढ्या जागेत मावेल का? रुंदीचा आकडा कोडमध्ये ठोकून मोकळं होऊ नका. बोरीबंदरच्या स्टेशनाचं १९९६ मध्ये 'छत्रपती शिवाजी टर्मिनस' झालं आणि २०१७ मध्ये त्यात 'महाराज' जोडलं गेलं. नावं बदलतात, लांबतात. शिवाय चष्मा घरी विसरलेला प्रवासी फोनमधली अक्षरं मोठी करून ठेवतो. अँड्रॉइड १४ पासून ती २०० टक्क्यांपर्यंत वाढवता येतात, आणि ही वाढ सरळ गुणाकारानं होत नाही. म्हणून मोजणी चालत्या ॲपमध्येच व्हायला हवी.

एक मार्ग आधीच बाद करू: सुट्या अक्षरांच्या रुंदीची बेरीज. 'कुर्ला' या शब्दात युनिकोडचे सहा संकेत आहेत: क, उकार, र, हलन्त, ल आणि काना. पडद्यावर मात्र 'कु' आणि 'र्ला' अशी दोनच अक्षरं दिसतात. सुटा र मोजलात तर त्याची पूर्ण रुंदी बेरजेत येते. प्रत्यक्षात तो रफार होऊन वर बसलेला असतो आणि आडवी जागा जवळजवळ मागतच नाही. सुट्या उकाराला तर ठिपक्यांचं वर्तुळ चिकटतं, आणि तेही मोजलं जातं. रोमन लिपीत ही बेरीज बऱ्यापैकी जुळते, त्यामुळे इंग्रजीत तपासलेला कोड मराठीत येऊन फसतो. शब्द जोडून कसा दिसेल हे हार्फबझसारखं इंजिन अख्खी ओळ पाहून ठरवतं. मोजायलाही अख्खी ओळच द्या.

आता खऱ्या पर्यायांकडे. अँड्रॉइडच्या पेंटवर (मजकुराचा फॉन्ट, आकार, रंग सांभाळणारा घटक) 'मेझरटेक्स्ट' आणि 'गेटटेक्स्टबाउंड्स' शेजारीशेजारी आहेत आणि सर्वांत जास्त गोंधळ याच जोडीत होतो. मेझरटेक्स्ट सांगतं की ही ओळ काढून झाल्यावर पुढचं अक्षर कुठून सुरू होईल. उत्तर अपूर्णांकात मिळतं, शेवटची रिकामी जागाही धरलेली असते, उंचीबद्दल मात्र काहीच कळत नाही. गेटटेक्स्टबाउंड्स प्रत्यक्ष शाई जिथे उमटते तेवढ्याचीच पूर्णांकातली चौकट देतं, आणि तिचा वरचा आकडा ऋण येतो, कारण मोजणी बेसलाइनपासून, म्हणजे अक्षरं ज्या रेषेवर बसतात तिथून होते आणि वरची दिशा ऋण धरली जाते.

फरक कागदावर बारीक वाटतो, पडद्यावर तो लगेच दिसतो. 'दादर'ला वर मात्रा नाही, खाली उकार नाही. 'कुर्ला'ला वर रफार आणि खाली उकार. 'मुंब्रा'ला वर अनुस्वार, खाली उकार. शाईच्या चौकटीवरून तिन्ही नावं उभी मध्यभागी आणलीत, तर प्रत्येकाची शिरोरेषा वेगळ्या उंचीवर जाते. मराठी वाचणाऱ्याच्या डोळ्याला ते पहिल्या नजरेत खटकतं, कारण आपण ओळ शिरोरेषेवरूनच पकडतो. एका रांगेतल्या नावांची उभी जागा नेहमी 'फॉन्टमेट्रिक्स'मधल्या असेंट आणि डिसेंटवरून (बेसलाइनच्या वर आणि खाली फॉन्टनं राखलेली उंची) ठरवा, म्हणजे शब्द कुठलाही असो, रेषा हलत नाही. पण एक गोष्ट पाहून घ्या: हे आकडे पेंटला दिलेल्या फॉन्टचे असतात. त्यात देवनागरी नसेल तर अक्षरं दुसऱ्याच फॉन्टमधून येतात, आणि त्यांची उंची या आकड्यांत बसेलच असं नाही.

मग गेटटेक्स्टबाउंड्स कशाला? कातरण टाळायला. शब्दाच्या शेवटी वेलांटी आणि तिच्यावर रफार आला, की शाई मेझरटेक्स्टच्या रुंदीपलीकडे झुकू शकते. त्या रुंदीचाच बिटमॅप (चित्र) केलात तर टोक कापलं जातं. नकाशावरच्या एकट्या बिल्ल्यासाठी दोन्ही मोजा आणि मोठं ते घ्या.

मजकूर दुसऱ्या ओळीत जाण्याची शक्यता असेल, तर हे दोन्ही सोडा. जुन्या व्ह्यू पद्धतीत 'स्टॅटिकलेआउट' घ्या (त्याचा बिल्डर एपीआय २३, म्हणजे अँड्रॉइड ६ पासून आहे). रुंदी द्या, ओळी किती झाल्या आणि उंची किती आली ते विचारा. मेगाब्लॉकच्या सूचनेचं कार्ड किती उंच होईल, याचं भरवशाचं उत्तर इथेच मिळतं. अट एकच, पण कडक: टेक्स्टव्ह्यूला जो फॉन्ट, आकार, ओळींमधलं अंतर, पॅडिंग आणि ओळ तोडण्याची पद्धत दिली आहे, तीच इथेही द्या. भाषासुद्धा. ज्या फॉन्टमध्ये मराठीचे ल आणि श वेगळे आहेत, तिथे लोकेल (भाषेची सेटिंग) चुकलं तर आकार बदलतो, रुंदीही बदलू शकते.

कंपोजमध्ये (अँड्रॉइडची पडदे रचण्याची नवी पद्धत) काम असेल तर 'टेक्स्टमेझरर'च घ्या, मला यात दुमत दिसत नाही. ओळी, उंची, मजकूर बाहेर गेला का, सगळं एका उत्तरात येतं आणि तेच उत्तर कॅनव्हासवर थेट काढता येतं. मोजणारा आणि काढणारा एकच असल्यानं तफावतीला वाव राहत नाही. आधीची मोजमापं तो लक्षात ठेवतो, पण मुळात फक्त आठ. लांब यादीला तेवढी पुरत नाहीत, आकडा वाढवा.

साध्या लेबलासाठी यातलं काहीही नको. रॅप कंटेंट (मजकुराला लागेल तेवढीच जागा) ठेवा, फार तर शेवटी तीन टिंबं येऊ द्या. हातानं मोजणी फक्त कॅनव्हासवर काढताना किंवा उंची आधी कळणं भाग असतानाच करा.

आयफोनवर 'बाउंडिंगरेक्ट' पुरतं, पण अनेक ओळींसाठी लाइन फ्रॅगमेंट ओरिजिनचा पर्याय द्यायलाच हवा, नाहीतर ते सगळं एकाच ओळीत धरतं. उत्तर अपूर्णांकात येतं, ते वरच्या पूर्णांकाला न्या, नाहीतर शेवटची ओळ गायब होण्याची भीती. फ्लटरमध्ये (एकाच कोडमधून अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींचं ॲप करण्याचं साधन) 'टेक्स्टपेंटर' हे काम चोख करतो. फक्त टेक्स्ट विजेट वापरणाऱ्याची अक्षरवाढ आपोआप उचलतं, टेक्स्टपेंटर उचलत नाही. मीडियाक्वेरीमधला टेक्स्टस्केलर (अक्षरवाढीचं प्रमाण) तुम्हालाच हातानं द्यावा लागतो.