आठ महिने बाइटअ‍ॅरे वापरतोय, हळदीच्या काट्यावर

सांगलीत मार्केट यार्डात एका अडत दुकानात हळदीच्या पोत्यांचं वजन काट्यावरून थेट कॉम्प्युटरवर घ्यायचं काम मी पायथनमध्ये केलंय. काटा सिरियल पोर्टवर बाइट सोडत राहतो आणि प्रत्येक वजनाच्या आधी एए ५५ असे दोन बाइट येतात (हाच हेडर, म्हणजे वजन सुरू होण्याची खूण), तेवढे सापडले की पुढचं सोपं.

सुरवातीला सगळं लिस्टमध्ये भरायचो. पण लिस्टला 'इन' लावून सलग जोडी विचारली की उत्तर कायम नाहीच, कारण ते एकेक घटक बघतं, तुकडा नाही. मग हेक्स स्ट्रिंग (प्रत्येक बाइटची दोन अक्षरं) करून शोधायला लागलो आणि खरा घोळ तिथं झाला. ३ए ए५ ५७ हे तीन बाइट चिकटवून लिहा, ३एए५५७, मधेच एए५५ दिसतंय ना? प्रत्यक्षात तो हेडर नाहीच, अर्ध्या बाइटपासून जुळतंय ते. शेतकरी समोर उभा आणि स्क्रीनवर पोत्याचं भलतंच वजन, फार वाईट वाटलं.

तेव्हापासून बाइटअ‍ॅरे (पायथनमधली बदलता येणारी बाइटची रांग) आणि त्याचं फाइंड, म्हणजे तुकडा कुठं सुरू होतो ते सांगणारं फंक्शन. शोध बाइटच्या हद्दीवरच होतो, लूप लिहायला लागत नाही, या बाबतीत आठ महिन्यात एकदाही तक्रार नाही.

तक्रार आहे ती -१ ची. सापडलं नाही तर फाइंड -१ देतं, आणि तोच आकडा न तपासता स्लाइसला (रांगेतला तुकडा कापायला) सुरवात म्हणून दिला तर एरर येत नाही, गुपचूप फक्त शेवटचा बाइट उरतो. दोन बाइटचा हेडर होता तोवर हे नशिबाने बरोबरच चाललं, कारण एए या वाचनात आणि ५५ पुढच्या वाचनात आला तर तेवढा एकच बाइट राखून ठेवायचा असतो. दुसरा काटा आला चार बाइटच्या हेडरचा, तिथं शेवटचे तीन राखायला पाहिजेत, आणि मधूनमधून पोती गायब व्हायला लागली, दोन रात्री गेल्या शोधण्यात. आता -१ वेगळा तपासतो आणि हेडरच्या लांबीपेक्षा एक कमी एवढे बाइट मागे ठेवतो.

अजून एक, वजनाच्या आकड्यातच एए ५५ येऊ शकतं, त्यामुळे चेकसम (बाइटवरून काढलेला तपासणीचा आकडा) जुळल्याशिवाय आकडा घेऊच नका. आणि लिस्टमध्ये २५५ च्या वरचे आकडे असतील तर बाइट्स बनतच नाहीत, व्हॅल्यूएरर येतो, तिथं स्लाइस करून तुलना करणंच बरं.

दोन्ही काटे आता नीट चालतात. वजनाची वही दिवाणजींनी अजून शेजारी ठेवलीय, ठेवा म्हणून मीच सांगितलंय.