एअरसेन्स १० ऑटोसेट : ‘ऑटो’ असले तरी किमान दाब ठरवावाच लागतो

रेसमेड कंपनीचे एअरसेन्स १० ऑटोसेट हे सीपॅप यंत्र, म्हणजे झोपेत श्वास थांबू नये म्हणून मास्कमधून हवेचा सतत दाब देणारे यंत्र, २०१४ साली बाजारात आले आणि त्याची पुढची आवृत्ती येऊन काही वर्षे झाली, तरी ते अजून अनेकांच्या उशाशी आहे. यंत्र म्हणून त्याच्याबद्दल तक्रारीला फारशी जागा नाही. आवाज कमी आहे, मास्क लावून श्वास घेतला की ते आपोआप सुरू होण्याची सोय आहे आणि गोल डायल फिरवून निवड करण्याची पद्धत कोणालाही लवकर जमते. तरीही याच यंत्रावर एकाची झोप सुधारते आणि दुसरा काही आठवड्यांत ते कपाटात ठेवून देतो. यामागे पुष्कळदा मास्क आणि सेटिंग यांचाच फरक असतो. म्हणून हे परीक्षण बाह्य रूपापेक्षा यंत्राच्या सेटिंगविषयी अधिक आहे.

झोपेत घशाचे स्नायू सैल पडून श्वासमार्ग मिटतो आणि श्वास दहा सेकंद किंवा त्याहून अधिक काळ थांबतो, तेव्हा त्याला ॲप्निया म्हणतात. नाकावाटे हवेचा सतत दाब दिल्यास हा मार्ग उघडा राहतो, हे सिडनीचे डॉ. कॉलिन सुलिव्हन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये दाखवून दिले, आणि आजची सारी यंत्रे त्याच तत्त्वावर चालतात. एअरसेन्स १० चा दाब ४ ते २० सेंटिमीटर उंचीच्या पाण्याच्या स्तंभाइतका असू शकतो. साध्या सीपॅप पद्धतीत तो रात्रभर एकच राहतो, तर ऑटोसेट पद्धतीत यंत्र प्रत्येक श्वासाचा आकार तपासते, घोरणे, प्रवाहातला अडथळा किंवा ॲप्निया दिसला की दाब वाढवते आणि श्वास सुरळीत झाल्यावर तो सावकाश उतरवते.

नेमकी अडचण इथेच सुरू होते. कारखान्यातून येताना ऑटोसेटची मर्यादा ४ ते २० अशी पूर्ण मोकळी असते आणि पुष्कळ यंत्रे त्याच स्थितीत रुग्णाच्या हाती पडतात. यंत्र स्वतः शिकेल आणि योग्य दाब शोधून काढेल, असे त्यामागचे समर्थन दिले जाते. माझ्या मते हे समर्थन अर्धेच खरे आहे. पहिली गोष्ट अशी की, ४ इतक्या कमी दाबावर अनेक प्रौढांना मास्कमध्ये हवा अपुरी पडल्यासारखी वाटते आणि घुसमटीच्या त्या भावनेने झोपच लागत नाही. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. ऑटोसेट हे मुळात प्रतिसाद देणारे तंत्र असल्यामुळे आधी अडथळा येतो आणि मग दाब चढतो. पाठीवर झोपल्यावर किंवा स्वप्नांच्या झोपेत श्वासमार्ग अचानक कोसळतो, तेव्हा तळापासून पुरेशा दाबापर्यंत पोहोचायला यंत्राला काही मिनिटे लागतात आणि तेवढ्या अवधीत झोप मोडणारे प्रसंग घडून गेलेले असतात. किमान दाब गरजेच्या जवळ नेऊन ठेवला, तर यातले पुष्कळसे प्रसंग मुळात घडतच नाहीत.

गरज किती, हे यंत्राच्याच नोंदीतून कळते. अहवालात मध्यक दाब आणि ९५ टक्के दाब असे दोन आकडे असतात. पहिल्याचा अर्थ असा की, निम्मा वेळ दाब त्या आकड्याइतका किंवा त्याहून कमी होता, आणि दुसऱ्याचा अर्थ असा की, रात्रीच्या ९५ टक्के वेळात दाब त्या आकड्याइतका किंवा त्याहून कमी होता. समजा मध्यक दाब ८.५ आणि ९५ टक्के दाब ११ आला, तर किमान दाब ४ वर ठेवण्यात काहीच अर्थ उरत नाही. तो ७ किंवा ८ पर्यंत नेण्याचा विचार डॉक्टरांपुढे मांडता येतो. वाढ एकदम करू नये. अर्धा किंवा एक सेंटिमीटर वाढवून काही रात्री पाहावे आणि त्या काळात दुसरे कोणतेही सेटिंग हलवू नये, अन्यथा फरक कशामुळे पडला हे सांगता येत नाही. कमाल दाबाला मात्र विनाकारण हात लावण्याची गरज नसते. जास्त दाबामुळे हवा पोटात जाऊन पोट फुगत असेल किंवा त्या पातळीवर मास्क गळू लागत असेल, तरच तो आखडावा.

यानंतर ईपीआर. उच्छ्वास सोडताना दाब १, २ किंवा ३ सेंटिमीटरने उतरवणारी ही सोय आहे आणि तिच्यामुळे समोरून येणाऱ्या हवेविरुद्ध श्वास सोडण्याचा त्रास कमी होतो. ती केवळ रॅम्पपुरती, म्हणजे सुरुवातीला दाब हळूहळू चढत असेपर्यंत, किंवा रात्रभर चालू ठेवता येते. नव्या वापरकर्त्याला मी ती रात्रभर चालू ठेवण्याचाच आग्रह धरेन, पण एक हिशेब लक्षात घेऊन. किमान दाब ७ आणि ईपीआर ३ असेल, तर उच्छ्वासाच्या वेळी श्वासमार्गात दाब ४ एवढाच उरतो. श्वासमार्ग मिटण्याची सुरुवात बहुधा उच्छ्वासाच्या अखेरीस होत असल्यामुळे ज्याला ७ चा दाब खरोखर लागतो, त्याचे अडथळ्याचे प्रसंग ईपीआर चालू केल्यावर वाढू शकतात. अशा वेळी ईपीआर कमी करावा किंवा तेवढ्या प्रमाणात किमान दाब वाढवावा. उलट, श्वास पूर्ण थांबत नाही, परंतु मार्ग अरुंद झाल्याने श्वासाच्या आलेखाचा माथा सपाट होऊन सकाळी थकवा राहतो, अशा काहींना ईपीआर ३ आणि किंचित वाढवलेला किमान दाब यांचा जोड मानवतो. माहितीपत्रकात हे सेटिंग केवळ आरामाच्या सोयींत गणलेले दिसते. प्रत्यक्षात त्याचा परिणाम उपचारावर होतो, हे तिथे ठळकपणे सांगायला हवे होते.

रॅम्पबद्दल थोडक्यात पुरे. ५ ते ४५ मिनिटांत दाब हळूहळू चढवण्याची ही व्यवस्था आहे आणि ‘ऑटो’ निवडल्यास झोप लागल्याचे ओळखून यंत्र दाब उपचाराच्या पातळीवर नेते. पंचेचाळीस मिनिटांचा रॅम्प ठेवून दहा मिनिटांत झोपणाऱ्याला उरलेला वेळ अपुऱ्या दाबावर काढावा लागतो, म्हणून ‘ऑटो’ हीच सरस निवड आहे. किमान दाब नीट बसला की रॅम्प बंदही करता येतो.

ह्युमिडिफायरची, म्हणजे हवा ओलसर करणाऱ्या भागाची, पातळी १ ते ८ आणि तापणाऱ्या नळीचे तापमान १६ ते ३० अंश यांत जुळवता येते. नाक कोरडे पडत असल्यास पातळी वाढवावी, नळीत पाणी साचून गुरगुर ऐकू येऊ लागल्यास पातळी उतरवावी किंवा नळीचे तापमान वाढवावे. तापणारी नळी वेगळी घ्यावी लागते, पण थंड खोलीत ती घेण्यासारखी आहे. मास्कचा प्रकार मेनूत बरोबर निवडलेला असावा, ही बाब मामुली वाटली तरी गळतीचा हिशेब त्यावर अवलंबून असतो.

या यंत्राची सर्वांत दुबळी बाजू म्हणजे ते वापरकर्त्याला देत असलेली माहिती. मास्कच्या बसणीसाठी पडद्यावर हसरा किंवा रडका चेहरा दिसतो. सोबतच्या मायएअर ॲपमध्ये रोज १०० पैकी गुण मिळतात, पण त्यांतले ७० गुण यंत्र किती तास वापरले यासाठी, २० मास्कच्या बसणीसाठी, ५ मास्क किती वेळा काढला यासाठी आणि अवघे ५ ॲप्नियाच्या प्रसंगांसाठी आहेत. म्हणजे उपचार अपुरा असूनही मनुष्य रोज नव्वदीत राहू शकतो आणि सकाळी डोके जड का, या विचारात पडतो. मास्क नियमित लावण्याची सवय लागावी हा हेतू रास्त आहे, हे मान्य. पण त्याला उपचाराचे गुण म्हणू नये.

याची भरपाई होते ती यंत्राच्या कडेला असलेल्या एसडी कार्डामुळे. त्यावर रात्रीच्या प्रत्येक श्वासाची नोंद साठते आणि ऑस्कर हे मोफत, मुक्त सॉफ्टवेअर ती आलेखरूपाने दाखवते. कार्ड संगणकात घालण्यापूर्वी त्याची कुलपाची कळ लावून घ्यावी, म्हणजे संगणक त्यावर भलतेच काही लिहीत नाही. ऑस्कर उघडल्यावर सगळ्यांची नजर आधी एएचआयकडे, म्हणजे तासाला किती प्रसंग घडले या आकड्याकडे जाते. तो ५ च्या आत असला की उपचार चांगला मानतात. मी आधी गळतीची रेघ पाहावी असे सुचवेन, कारण मास्कच्या छिद्रांतून मुद्दाम सोडली जाणारी हवा वगळून मिनिटाला २४ लिटरच्या वर गळती दीर्घकाळ राहिली, तर यंत्राच्या बाकीच्या नोंदींवर विसंबता येत नाही आणि दाब वाढवून गळती केवळ वाढते. त्यानंतर प्रवाहातील अडथळ्याचा आलेख आणि प्रसंग रात्रभर विखुरलेले आहेत की गठ्ठ्याने आलेले आहेत, हे पाहावे. गठ्ठे दिसल्यास कारण बहुधा झोपण्याच्या स्थितीत असते. हनुवटी छातीकडे दुमडली जात असेल, तर उशी बदलून जो गुण येतो, तो दाबाने येत नाही. यंत्राचा एएचआय वापराच्या तासांवर काढला जातो, झोपेच्या तासांवर नव्हे, आणि रक्तातील ऑक्सिजन हे यंत्र एकट्याने मोजत नाही, या दोन्ही मर्यादा ध्यानात ठेवाव्यात.

प्रसंगांच्या नोंदीत ‘क्लिअर एअरवे’ म्हणून दाखवलेल्या खुणा वेगळ्या वाचाव्या लागतात. श्वास थांबल्यावर यंत्र दाबाच्या सूक्ष्म लहरी सोडून मार्ग मिटला आहे की उघडा आहे हे तपासते. उघडा असेल तर अडथळा घशात नसून मेंदूकडून श्वासाची आज्ञाच आलेली नाही, असे ते समजते आणि दाब वाढवत नाही. ही वर्गवारी मला यंत्राचा सर्वांत हुशार भाग वाटतो. दाब किंवा ईपीआर वाढवल्यावर अशा खुणा वाढत असतील, तर पाऊल मागे घ्यावे. त्या बऱ्याच असतील आणि टिकून राहत असतील, तर स्वतः काही न करता डॉक्टरांकडे जावे, विशेषतः हृदयविकार असणाऱ्यांनी. अशा ॲप्नियासाठी असलेली एएसव्ही ही, श्वासागणिक दाबाचा आधार कमीजास्त करणारी वेगळी उपचारपद्धती, हृदयाची पंप करण्याची शक्ती खालावलेल्या रुग्णांमध्ये मृत्यूचे प्रमाण वाढवते, असे २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या सर्व्ह-एचएफ चाचणीत दिसून आले होते.

दाबाची सेटिंग क्लिनिकल मेनूत असतात आणि होम बटण व डायल एकत्र तीनेक सेकंद दाबून धरल्यावर तो मेनू उघडतो. हे दार लपवून ठेवण्याऐवजी रुग्णाला निदान आपले आकडे वाचता येतील अशी सोय मुख्य पडद्यावर द्यायला हवी होती. बदल मात्र डॉक्टरांना सांगूनच करावेत आणि बदलण्यापूर्वीचे सगळे आकडे कागदावर उतरवून ठेवावेत.

पुढची आवृत्ती, एअरसेन्स ११, स्पर्शाचा पडदा घेऊन २०२१ मध्ये आली आणि स्त्रियांसाठी आखलेली, दाब अधिक सौम्यपणे चढवणारी ‘फॉर हर’ पद्धत, जी १० मध्ये वेगळ्या मॉडेलवर मिळत असे, ती तिच्यात अंतर्भूत आहे. ज्याचे १० नीट चालते आहे आणि ज्याला त्या पद्धतीची गरज नाही, त्याने केवळ नवेपणासाठी यंत्र बदलावे असे मला वाटत नाही. तो खर्च आधी चांगल्या बसणाऱ्या मास्ककडे वळवावा.