मोबाइलवरचा इशारा की बंदरावरचा बावटा?

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं, तेव्हा इशारा आधीच आलेला होता. तो पोचणं आणि पोचल्यावर समजणं, खरी अडचण इथे असते.

मोबाइलवरचा संदेश वेगवान. हैदराबादची 'इन्कॉइस' ही संस्था लाटांच्या उंचीचा अंदाज देते. बोट बाहेर काढायची की नाही हे ठरवायला त्याचा मोठा आधार. पण 'रायगड, रेड अलर्ट' एवढ्यावरून खाडीकाठच्या आजीला काय कळावं? तिला हवं असतं ते, अंगणात पाणी येणार का आणि भरती किती वाजता. शिवाय निसर्गनंतर कित्येक गावांत वीज गेली, रेंजही गेली.

बावटा जुना. वादळाच्या इशाऱ्याचे बावटे बंदरावर नंबराप्रमाणे लागतात; 'तीन नंबरचा लागला' म्हटलं की कोळीवाड्यात होड्या वर ओढल्या जातात, कुणाला समजवावं लागत नाही. खोल समुद्रात गेलेल्याला मात्र तो दिसत नाही; तिथे वायरलेसच हवा.

किनाऱ्यापुरतं विचाराल तर मी बावटा आणि देवळावरचा कर्णा निवडेन. कर्ण्यावरून तीनच गोष्टी सांगाव्यात: भरतीची वेळ, कुठली वाडी रिकामी करायची, निवारा कुठल्या शाळेत.