क्लॅरिनेट आणि व्हायोलिनची मुलं एकत्र बसवताना: मोझार्ट, वेबर की स्टामिट्झ?

जळगाव-धुळ्याकडे क्लॅरिनेट वाजवणारं पोरगं बहुधा लग्नाच्या बँडमधूनच आलेलं असतं. फुंक दमदार, कान पक्का, पण समोर नोटेशनचा कागद ठेवला की अडतं. व्हायोलिनची मुलं सा-प जुळवून राग शिकलेली. चेलो कुणाकडे असला तर नशीब, आणि व्हायोला (व्हायोलिनहून जरा मोठं, खालच्या सुराचं वाद्य) शोधूनही सापडत नाही. अशा मुलांना पाश्चात्त्य चेंबर संगीतातलं (मोजक्या वादकांसाठीच्या रचनांतलं) काय द्यावं?

सगळे आधी मोझार्टच्या क्विंटेटचं नाव घेतात. १७८९ सालची, क्लॅरिनेट आणि चार तंतुवाद्यांसाठीची ही रचना मलाही जिवापाड आवडते. पण ती ए सुराच्या क्लॅरिनेटसाठी आहे आणि आपल्या मुलांकडे असतो बी-फ्लॅट सुराचा, म्हणजे कागद वेगळ्या पट्टीत लिहावा लागतो. मूळ ए मेजर, म्हणजे बी-फ्लॅटवर बी मेजर: पाच शार्प (अर्धा सूर चढवलेले स्वर)! बँडमध्ये फ्लॅटच्या (अर्धा सूर उतरवलेल्या) सुरांवर बोटं बसलेल्या मुलाला हे फार जड जातं. शिवाय चार भाग मिळून अर्धा तास. मन ऐकत नसेल तर फक्त दुसरा, संथ भाग घ्या. तिथे चार शार्प आहेत, पण लय इतकी सावकाश आहे की बोटांना वेळ मिळतो, आणि लांब श्वासाचं गाणं ही मुलं छान वाजवतात.

वेबरचा क्विंटेट (१८१५) बी-फ्लॅटसाठीच आहे. त्यात क्लॅरिनेट नवरदेव आणि बाकीचे चौघे वऱ्हाडी! पळत्या ताना, खालून वर मोठ्या उड्या, सगळं क्लॅरिनेटकडे. तंतुवाद्यांना बराच वेळ साथच करायची असते. म्हणजे क्लॅरिनेटवाला बाकीच्यांपेक्षा चार वर्षं पुढे असेल तरच ही निवड बरोबर. शिकणाऱ्या मुलाला दिलीत तर तो पहिल्याच आठवड्यात खचेल.

माझं मत स्पष्टपणे कार्ल स्टामिट्झच्या बाजूने आहे. त्याच्या ओपस ८ (आठव्या क्रमांकाचा रचनासंच) मधला चौथा क्वार्टेट, ई-फ्लॅट मेजर: क्लॅरिनेट, व्हायोलिन, व्हायोला, चेलो. चारच माणसं लागतात आणि क्लॅरिनेटच्या कागदावर एकच फ्लॅट येतो. बोटं तीच, रोज बँडमध्ये फिरणारी. खालच्या सप्तकातून वर जाताना 'ब्रेक' लागतो तिथे मात्र सूर फाटतो. त्या जागा पेन्सिलने गोल करून आधी एकट्याने घोटून घ्याव्यात.

व्हायोलाची अडचण तिन्हीकडे सारखीच आहे. तो भाग आणखी एका व्हायोलिनला द्यायचा, पण व्हायोलाची सगळ्यात खालची तार व्हायोलिनपेक्षा एका पंचमाने (प पासून खालच्या सा इतकी) खाली असते, म्हणून तेवढ्या जागा एक सप्तक वर उचलाव्या लागतात. शिवाय व्हायोलाचा क्लेफ (ओळींवर सुरांची जागा ठरवणारं चिन्ह) वेगळा, म्हणून पूर्ण भाग हाताने पुन्हा लिहायचा. हे काम मुलांकडूनच करून घ्या. लिहिता लिहिता जेवढं वाचन सुधारतं, तेवढं वर्गात सुधारत नाही. चेलो नसेल तर त्याचा भाग हार्मोनियमच्या खर्ज सुरांवर चालतो. रंग वेगळा येतो, पण पाया सुटत नाही. व्हायोलिन मात्र जी-डी-ए-ई जुळवायला लावा, तिथे तडजोड नको.

तिन्ही संगीतकार जाऊन दीडशेहून अधिक वर्षं झाली, त्यामुळे जुन्या प्रती आयएमएसएलपी या नोटेशनच्या ऑनलाइन संग्रहावर फुकट मिळतात. नव्या संपादित आवृत्तीचा हक्क वेगळा असतो, एवढं बघून घ्या.

आणि तालीम मे महिन्यात असेल तर सकाळी सातला घ्या. आमच्याकडे दुपारच्या उन्हात क्लॅरिनेटचा सूर चढतो आणि व्हायोलिनची तार उतरते. दहा मिनिटं फुंकून वाद्य गरम झाल्यावर बॅरल (माउथपीसखालचा छोटा जोड) थोडं बाहेर ओढायचं, मग त्याच्या सुराला तारा जुळवायच्या. लाकडी क्लॅरिनेट असेल तर ते उन्हातल्या गाडीत ठेवूच नका, चिरतं.