मेसा व्हर्डे की कॅन्यन द शे?

आई-बाबा उन्हाळ्यात अमेरिकेत आले की ग्रँड कॅन्यन ठरलेलंच. त्याच फेरीत कड्याच्या कपारीतली जुनी घरं दाखवायची असतील, तर कोलोरॅडोतलं मेसा व्हर्डे निवडावं की ॲरिझोनातलं कॅन्यन द शे? ही लेणी नव्हेत, हे आधी सांगते. अजिंठ्याला डोंगर कोरला. इथे पावसापाण्यानं झिजलेल्या कपारीत दगडमातीच्या भिंती रचल्या.

घरांत प्रत्यक्ष पाऊल ठेवायचं असेल, तर मेसा व्हर्डे. कपारीतली सुमारे ६०० बांधकामं. एकट्या क्लिफ पॅलेसमध्ये दीडशेच्या आसपास खोल्या, शिवाय किवा म्हणजे धार्मिक विधींच्या गोल, खोलगट खोल्या. पण गुडघ्यांची साथ हवी. बाल्कनी हाऊसला ३२ फुटी शिडी चढावी लागते, १८ इंच रुंद बोगद्यातून रांगावं लागतं, आणि सात हजार फुटांवर दमही लवकर लागतो. या दोन्ही ठिकाणी रेंजर म्हणजे उद्यानाच्या कर्मचाऱ्यासोबतच सोडतात. तिकिटं १४ दिवस आधी ऑनलाइन खुली होतात, तेव्हाच घ्या. नाहीतर सन पॉइंटवरून लांबून दर्शन.

गुडघे कुरकुरत असतील तर कॅन्यन द शे, आणि खरं सांगायचं तर माझा कौल एरवीही तिकडेच. ही नावाहो या मूळ अमेरिकी जमातीची भूमी. प्रवेश शुल्क नाही, कड्यावरून गाडीनंच फिरता येतं. आठशे फुटी स्पायडर रॉक डोळ्यांत मावत नाही. कपारीतली घरं मात्र वरून चिमुकली दिसतात, दुर्बीण न्याच. दरीत उतरायचं तर नावाहो वाटाड्याची जीप घ्या. तिथे आजही त्यांची शेतं आहेत. १८६४ मध्ये लष्करी अधिकारी किट कार्सनच्या मोहिमेत अमेरिकी सैन्यानं इथल्या पीचच्या बागा तोडल्या, नावाहो माणसांना शेकडो मैल चालवत नेलं. १८६८ च्या करारानंतर ती परतली. हे त्यांच्याच तोंडून ऐकताना दरी वेगळी दिसते. घरांचे, माणसांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका.

दोन्हीकडची कपारीतली घरं मात्र नावाहोंची नव्हेत, प्युब्लो या दुसऱ्या मूळ अमेरिकी लोकांच्या पूर्वजांची. तेराव्या शतकाच्या अखेरीस, मोठ्या दुष्काळाच्या काळात, ते दक्षिणेकडे गेले. 'गूढरीत्या नाहीसे झाले' असं कुणी म्हणालं तर मानू नका. आजच्या होपी, झुनी या जमाती म्हणजे त्यांचीच लेकरं.

दोन दिवस असतील तर दोन्ही करा, मध्ये साधारण तीन तासांचा रस्ता आहे. ग्रँड कॅन्यनहून येणार असाल तर उन्हाळ्यात नावाहो भागात घड्याळ एक तास पुढे असतं. जीपची वेळ त्याच हिशेबानं धरा.