गोष्टी सांगणारा स्पीकर : सात महिन्यांच्या वापरानंतर

रमजानच्या आधी कॅम्पातून 2,400 रुपयांना घेतलेला हा इस्लामी गोष्टींचा स्पीकर सातव्या महिन्यात चार्ज होईनासा झाला. वॉरंटी वर्षभराची असूनही दुरुस्तीवाल्यांनी बिघाड आमच्या हाताळणीमुळे झाल्याचे ठरवून 650 रुपये घेतले आणि तीन आठवडे लावले. तो राग अजून गेलेला नाही. पण माझी खरी तक्रार एका बुटाविषयी आहे.

तहानेने ओली माती चाटणाऱ्या कुत्र्याची हदीस, म्हणजे प्रेषितांच्या वचनांची नोंद, हदीस-संग्राहक इमाम बुखारींच्या संग्रहात आहे. वाटसरू विहिरीत उतरून पाणी पितो, वर येऊन त्या कुत्र्याला पाहतो, पुन्हा उतरतो, चामडी बूट पाण्याने भरतो तो तोंडात धरून वर चढतो आणि कुत्र्याला पाणी पाजतो. अल्लाह त्याला क्षमा करतो. स्पीकरमध्ये मात्र हा वाटसरू आधीपासूनच ‘नेक, नमाजी’ आहे आणि बुटाच्या जागी वाटी आली आहे. माझ्या आठ वर्षांच्या मुलीने पहिल्याच रात्री विचारले, “अब्बा, हातात वाटी धरून तो वर कसा चढला?” हदीसेत याचे उत्तर आहे, कारण बूट तोंडात होता आणि दोन्ही हात मोकळे होते. शिवाय त्या माणसाच्या आधीच्या नेकीविषयी हदीस काहीच सांगत नाही. प्राण्यांच्या बाबतीतही पुण्य मिळते का, हा सहाबांनी, म्हणजे प्रेषितांच्या सोबत्यांनी, त्यांना (स.) विचारलेला प्रश्न तर पूर्ण गाळला आहे, त्याऐवजी ‘प्राण्यांवर दया करा’ हे तात्पर्य दोनदा ऐकवले जाते.

तेव्हा मी स्पीकर परत करायला निघालो होतो. प्रेषित हजरत यूसुफ यांच्या कथेने माझे मत बदलले. कुराणाच्या बाराव्या सूरेत (अध्यायात) ही कथा सलग येते. स्पीकरमध्येही अकरा तारे, सूर्य आणि चंद्र यांच्या स्वप्नापासून मिसरमधील (इजिप्तमधील) भेटीपर्यंतचा क्रम मोडलेला नाही. “आज तुमच्यावर कोणताही ठपका नाही,” या, लहानपणी त्यांना विहिरीत टाकणाऱ्या भावांना यूसुफ यांनी दिलेल्या उत्तराआधी निवेदिका क्षणभर थांबते, आणि नंतर तात्पर्य येत नाही. रंगपेटीवरून धाकट्या भावाशी दोन दिवस अबोला धरलेल्या माझ्या मुलीने दुसऱ्या रात्री तोच भाग पुन्हा लावायला सांगितला आणि त्यालाही शेजारी बसवले.

स्पीकर दुरुस्तीला असताना कुत्र्याची गोष्ट मीच सांगितली, बुटासह. “मग तो ओलाच बूट घालून पुढे गेला का?” तिने विचारले, आणि आम्ही बराच वेळ त्यावर बोलत राहिलो. यूसुफ यांच्या कथेसाठी हा स्पीकर जरूर घ्यावा. कुत्र्याची गोष्ट मात्र आईवडिलांनी स्वतः सांगावी. ध्वनिमुद्रण सुधारावे, असे मी कंपनीला लिहिले आहे. उत्तर आलेले नाही.